साफ मशीनवर सगळंच चालतं

माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पहिली पाळी केल्यावर गजर अंगातच बसतो. उठायची, पाणी तापवायची, मेहुण्यांना उशीला टेकवून बसवायची. त्यांचा वाफारा, मग गोळ्या, मग चहा. मेहुणे त्याच कारखान्यात भट्टीवर होते. भट्टीनं त्यांच्या छातीचा भाता निकामी केला. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, छपन्न पायऱ्या. दोन वर्षांत ते त्या पायऱ्या दोनदा उतरले. दोन्ही वेळा खुर्चीत बसून, चौघांनी उचलून, दवाखान्यात जायला. एरवी खिडकीशी बसून असत.

"रस्ता जागेवरच आहे," ते मला म्हणायचे. "मीच वर राहिलोय."

सहाला ती खाली उतरायची आणि साडेसहाला कामावर पोचायची.

कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणत. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर बसायचं आणि समोरून जाणाऱ्या बाटलीत बुडबुडा, चीर, वाकडी मान शोधायची. पडद्यापासून किती अंतरावर बसायचं तेही ठरलेलं. जवळ गेलं की नसलेलं दिसतं, लांब गेलं की असलेलं दिसत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. आठ महिने कुणी दारात उभं केलं नाही. मग एका दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली: खेळ तपासायला माणूस पाहिजे, अनुभवाची अट नाही.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सहा पोरं-पोरी टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी, म्हणजे कन्सोलसाठी, एक खेळ तयार करत होती. त्यांचा म्होरक्या तिशीचा. बहिणीनं पहिल्या दिवसापासून त्याला मालक म्हणायला सुरुवात केली, तो लाजला तरी सोडलं नाही.

"मावशी, तुम्हाला गेम खेळता येतात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग जमणार कसं?"

"मोडलेलं ओळखता येतं."

तो हसला आणि सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं.

त्या खोल्या मी पाहिल्यात. मी वेल्डर. त्यांना यंत्रं ठेवायला लोखंडी मांडणी हवी होती, ती जोडून द्यायला दोन दिवस गेलो होतो. खालून रबराचा वास वर येतो. सोफ्याच्या एका पायाखाली वीट. भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीपासून बरोबर दहा फुटांवर जमिनीला निळी चिकटपट्टी लावलेली आणि पट्टीवर एक प्लॅस्टिकचं स्टूल. ते स्टूल बहिणीचं. पोरं दोन फुटांवरून पडद्यात नाक खुपसून बघायची. ती म्हणायची, लोक घरी सोफ्यावर बसतात, मी तिथून बघणार.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॉम्प्युटरवरच्या खेळात चूक निघाली तर दुरुस्ती करायची आणि संध्याकाळी लोकांना द्यायची. विषय संपला. अशा दुरुस्तीला ही मंडळी पॅच म्हणतात. कन्सोलचं तसं नाही. कन्सोल ज्या कंपनीचा, तिच्या तपासणी कचेरीकडे आधी पॅच पाठवायचा. तिथं रांग असते. रांगेत नंबर लागला की ते त्यांच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे सगळं तपासतात. हातातल्या कंट्रोलरची बॅटरी संपली तर खेळ थांबतो का. जागा भरलेली असेल तर नीट सांगतो का. पडदा बराच वेळ नुसता गोठून तर राहत नाही ना. अक्षरं लांबून वाचता येतात का. पास झाला तर लोकांपर्यंत जातो. नापास झाला तर कलमाचा आकडा लिहून परत येतो आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. तुम्ही दार दुरुस्त केलंत आणि त्यांना खिडकी सैल दिसली, तरी दारही परत.

पोरं त्या पुस्तकाला शिव्या घालायची. बहिणीनं ते शब्दकोश लावून दोनदा वाचलं. "ह्यात खेळ मजेदार असावा असं कुठंच लिहिलेलं नाही," ती मला म्हणाली. "बरंय. ते मला तपासता आलं नसतं."

कंपनीनं त्यांना दोन यंत्रं दिली होती. एक खेळ घडवायचं, ऐसपैस. दुसरं दुकानात मिळतं तसंच, तपासणीसाठी. हे दुसरं तिचं. तिनं ते मुद्दाम भरून ठेवलं होतं. अर्धवट खेळलेले खेळ, चार माणसांची खाती, जुन्या नोंदी, हलवायलाही जागा नाही. सोबत बॅटरी मरायला आलेला एक कंट्रोलर. पोरं त्याला मावशींचा माळा म्हणायची.

"हसा," ती म्हणायची. "लोकांची घरं जाऊन बघा. कुणाचा माळा रिकामा असतो?"

खेळ बाजारात आला. एक नावाडी नदीकाठच्या दोनशे चौदा घाटांवर टपाल पोचवतो, एवढीच गोष्ट. लोकांना आवडला. तीन आठवडे सगळे हवेत होते. मग तक्रारी सुरू झाल्या. दोनशे घाटांच्या पुढे गेलं की जतन केलेला नकाशा कापला जाई. पुढच्या वेळी उघडलं की खेळाला कापलेला नकाशा कळत नसे आणि तो सरळ पहिल्यापासून सुरुवात करी, जुन्यावर नवं लिहून. शंभर-दीडशे तास खेळलेल्या माणसाची पाटी कोरी.

हे बहिणीच्या हातून निसटलं होतं. ती एकशे ऐंशी घाटांपर्यंत गेली होती, पुढं वेळ मिळाला नाही. तिनं कारण सांगितलं नाही. "बाटली माझ्यासमोरून गेली," एवढंच म्हणाली.

त्या तक्रारींमध्ये एका नर्सचं पत्र होतं. तिचे वडील लॉरी चालवायचे. झटका आला, उजवी बाजू गेली, आता डाव्या हातानं हा खेळ खेळतात. दोनशे सात घाट झालेत. खेळातल्या चुकीची बातमी कानावर आली तेव्हापासून खेळ बंद करून ठेवलाय. 'रोज विचारतात, उघडू का? मी काय सांगू?'

उत्तरं देणं हे बहिणीचं काम नव्हतं. तरी तिनं लिहिलं: 'उघडू नका. मी सांगेन तेव्हा उघडा.' खाली सही, तपासनीस.

प्रोग्रामर पोरीनं दुरुस्ती दोन दिवसांत केली. कॉम्प्युटरवर ती त्याच संध्याकाळी गेली. कन्सोलचा पॅच तपासायला बहिणीला दोन पूर्ण दिवस लागणार होते आणि त्यातला पहिलाच दिवस मेहुण्यांच्या दवाखान्यात गेला. चौघांनी खुर्ची उचलायची होती, त्यात मीही होतो.

मालकाला दम निघाला नाही. बाहेर लोक शिव्या देत होते. त्यानं तिचं यंत्र घेतलं, आधी पुसून लख्ख केलं, पॅच टाकला, अर्ध्या तासात तपासला आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं यंत्र चालू केलं.

"हे कुणी पुसलं?"

"मी. काय कचरा साठवला होता मावशी. आता बघा कसं पळतंय."

"तो कचरा नव्हता. ते माप होतं."

"पॅच व्यवस्थित चालला."

"साफ मशीनवर सगळंच चालतं. परत येणार तो."

नऊ दिवसांनी परत आला. कचेरीवाल्यांनी भरलेल्या यंत्रावर, जुन्या खेळावर पॅच चढवला होता. लांब झालेला नकाशा ठेवायला जागाच नव्हती आणि पडदा गोठला. कलमाचा आकडा, दोन ओळी, बस. मालकानं कपाळाला हात लावला. बहिणीनं तो आकडा पुस्तकात काढून खूण केली.

आता खरी अडचण. कंपनीची तपासणी कचेरी वर्षाकाठी तीन आठवडे बंद असते आणि तो काळ तोंडावर आला होता. बंद होण्याआधीचे दहा दिवस हातातलं काम संपवायचे, म्हणून येत्या बुधवारी दुपारी बारानंतर नवं कुणाचंच काही घेणार नव्हते. म्हणजे एकच संधी. त्यात खेळ बाजारात आणणाऱ्या व्यापारी कंपनीनं कळवलं: सुट्टीआधी दुरुस्ती लोकांच्या हातात नसेल, तर खेळ विक्रीतून काढू. खेळ गेला की सहा टेबलं आवरायची. बहिणीला पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा दुकानांच्या काचांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या.

गुरुवारी सगळे सोफ्यावर बसले. ती स्टुलावर.

"धोका नको," मालक म्हणाला. "कापलेला नकाशा सापडला की एक पाटी दाखवू. नोंद खराब झाली आहे, नव्यानं सुरुवात करा. पुस्तकात हे चालतं. पास होणार म्हणजे होणार."

"आणि लॉरीवाले?"

"कोण लॉरीवाले?"

तिनं पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं वाचलं, प्रोग्रामर पोरीकडे दिलं.

पोरगी वाचून म्हणाली, "नावाड्याची रोजनिशी वेगळी साठवतो आपण. कुठल्या घाटावर कुठलं पत्र दिलं, सगळं त्यात असतं. ती कापली जात नाही. तिच्यावरून नकाशा परत बांधता येईल."

"अगं, पण त्यात शंभर गोष्टी बिघडू शकतात," मालक म्हणाला. "नापास झालो तर?"

"तर माझ्यामुळे झालो म्हण," बहीण म्हणाली. "पण मग माझ्या खुणेशिवाय पाठवायचं नाही. आणि माझ्या माळ्याला कुणी हात लावायचा नाही."

मालकानं पायानं सोफ्याखालची वीट नीट सरकवली. मग म्हणाला, "बरं."

शुक्रवार तिचा यंत्र पुन्हा भरण्यातच गेला. तिच्या एकशे ऐंशी घाटांच्या नोंदीची एक प्रत पोरीच्या यंत्रावर उरली होती, तिथून पुढं दोनशे सात घाटांची नोंद तिनं तिघांना रात्रभर पाळीपाळीनं बसवून तयार करून घेतली, कारण लॉरीवाल्यांची तेवढी होती. शनिवारी मी मांडणीचं काम करत होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

पोरीच्या ऐसपैस यंत्रावर नकाशा चार सेकंदांत बांधून झाला. ती खूश. बहिणीनं तोच पॅच आपल्या यंत्रावर टाकला, दहा फुटांवर जाऊन बसली, हातात थांबघड्याळ. पडदा काळा, काही हलेना.

"एकाहत्तर," ती म्हणाली. "नापास."

"पण नकाशा आला की मावशी," पोरगी म्हणाली. "सगळा आला."

"आला. पण सत्तर सेकंद काळ्या पडद्याकडे बघून कुणीही बटण दाबेल. मी दाबलं असतं."

पोरीनं एक हलतं वल्हं टाकलं, खाली एक ओळ. बहीण स्टुलावरून म्हणाली, "दुरुस्ती एवढं दिसतंय. पुढं मुंग्या आहेत." अक्षरं मोठी झाली. मग मरणाऱ्या बॅटरीचा कंट्रोलर, मग मध्येच दुसरा माणूस खात्यात शिरला तर, मग जागा उरलीच नसेल तर. एकेक भोक बुजवत शनिवार, रविवार गेले.

सोमवारी तिनं प्लग उपसायला सुरुवात केली. दुरुस्ती चालू असताना वीज गेली तर काय होतं ते बघायचं होतं. प्लग उपसायचा, पुन्हा लावायचा, नकाशा आहे का बघायचं, यंत्र पूर्ववत करायचं, परत. दरवेळी वेगळ्या सेकंदाला. चाळीस वेळा करायचं ठरवलं होतं.

एकतिसाव्या वेळी नकाशा गेला. रोजनिशीही गेली.

मालक तोंडात पेन्सिल धरून उभा होता. "मावशी, एकतीस वेळा प्लग काढतं कोण?"

"एकतीस घरांत एकेकदा निघाला तर?"

त्यानं पेन्सिल कानावर खोचली. पोरीनं खुर्ची पुढं ओढली. जुनी नोंद तशीच ठेवायची, नकाशा बाजूला कोऱ्या जागी बांधायचा, पुरा झाल्यावरच अदलाबदल करायची. जागा आधी मोजून घ्यायची, नसेल तर तसं सांगायचं. तिला त्यात मंगळवारची दुपार झाली.

"आता राहिलेले नऊ करू," मालक म्हणाला.

"चाळीस."

"परत पहिल्यापासून?"

"बाटली बदलली. मोजणी नव्यानं."

ह्यावेळी मालक स्वतः प्लगपाशी बसला. ती स्टुलावरून आकडा सांगायची, तो उपसायचा. पंधराव्यानंतर त्यानं बाही दुमडली. चाळीस झाले, चाळीसही वेळा दोनशे सात घाट जागेवर. मी माझ्या आयुष्यात जोड तपासणारे बरेच पाहिलेत. चाळिसावा पहिल्यासारखाच तपासणारे दोघंच आठवतात. दुसरे वारले.

बुधवारी सकाळी तिनं पुस्तकातलं प्रत्येक कलम पुन्हा एकदा घेतलं. बाराला वीस मिनिटं कमी असताना शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

"पाठव," म्हणाली, आणि डबा उघडला.

निकालाला सहा दिवस लागले. घरी मेहुणे रोज विचारायचे, "काय गं, तुझ्या नावेचं काय झालं?"

"अहो, रांगेत आहे."

"रांगेत तर मीही आहे," ते म्हणायचे. तिला हसू यायचं आणि रागही.

सातव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निकाल आला. ती एकटीच होती. खाली टायरचं दुकानही उघडलं नव्हतं. तिनं तो उभ्यानं वाचला, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचला. पास. कलम एकही नाही, शेराही नाही. सहा जणांपैकी कुणीच असा कोरा निकाल पूर्वी पाहिला नव्हता.

तिनं मालकाला फोन लावला.

"मालक, झोप झाली का?"

"काय झालं मावशी?" तो घाबरूनच बोलला.

"काही झालं नाही. तेच सांगायला केला."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी येतो." आला तेव्हा बूट वेगवेगळ्या जोडातले होते.

दुपारपर्यंत पॅच लोकांच्या यंत्रांवर गेला. बहिणीनं नर्सला एका शब्दाचं पत्र लिहिलं: 'उघडा.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं, म्हणून मला तोंडपाठ आहे. नर्सनं लिहिलं होतं: 'वल्हं हलायला लागलं. बाबांनी माझा हात धरला. नेमकी मी तेव्हाच इस्त्री लावली होती. घराचा फ्यूज उडाला. बाबा जे बोलले ते लिहीत नाही. झटक्यानंतर एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले. वीज आली, पुन्हा उघडलं, वल्हं पुन्हा हललं. दोनशे सात.'

बहिणीनं ते पत्र मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि प्लगकडे बोट केलं. अकरा दिवसांनी एक फोटोही आला. पडद्यावर दोनशे चौदावा घाट, पुढं डाव्या हाताचा वर केलेला अंगठा. तो फोटो मी जोडलेल्या मांडणीवर चिकटवलाय. शेजारी तिच्या यंत्रावर मालकानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: पुसू नये.

सहा महिन्यांची बोली पुन्हा कुणी काढली नाही. तिची खूण नसेल तर पॅच जात नाही, हा तिथला नियम झाला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचा एकही पॅच परत आला नाही. दुसऱ्या दोन ठिकाणची पोरं, असंच हात पोळून घेतलेली, तिच्याकडे यंत्र कसं भरायचं ते शिकायला येऊन गेली. तिनं शिकवलं. प्रत्येकाला स्टूल कुठं ठेवायचं ते आधी दाखवलं.

त्या दोन वर्षांच्या पगारातून तिनं जागा घेतली. तळमजल्यावर दोन खोल्या, दार सरळ रस्त्यावर. दाराशी एक पायरी होती. ती मी फोडली, उतार केला, बाजूला लोखंडी कठडा जोडला. जोड तिनं अंगठा फिरवून तपासला आणि एका ठिकाणी पुन्हा घासायला लावला.

पहिल्या सकाळी मेहुणे कठडा धरून बाहेर आले. कुणी उचललं नाही. कोपऱ्यापर्यंत गेले, वाटेत दोनदा थांबले, कोपऱ्यावर उभं राहून इकडेतिकडे बघितलं, परत आले. ती दारात थांबघड्याळ घेऊन उभी होती.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

"पास का?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"उद्या परत पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी दाराबाहेर खुर्ची टाकली.